चौसष्ट एकरांची शाळा

आमच्या शेलूबाजारात रुपयांत सांगितलेली रक्कम कोणाच्या डोक्यात शिरत नाही. ‘तीन लाख साठ हजार’ म्हटलं की समोरचा नुसती मान हलवतो. ‘साडेसदुसष्ट क्विंटल सोयाबीन’ म्हटलं की तोच माणूस खाटेवर उठून बसतो. मी अडत दुकानात दिवाणजी म्हणून जन्म काढला. त्यामुळे घरात लग्न असो, दवाखाना असो, नाहीतर नवी मोटार बसवायची असो, त्याची क्विंटलमध्ये पट्टी करून द्यायचं काम माझ्याकडे येतं. दुबईच्या शाळेचंही तसंच आलं.

पुतण्या दुबईत नोकरीला. सूनबाई आणि दोन लेकरं अकोल्यात, ‘खोली करून’. हा प्रकार आमच्या भागाबाहेर नीट ठाऊक नसावा, म्हणून सांगतो. लेकरू शाळेत जाण्याजोगं झालं की माय त्याला घेऊन अकोल्याला जाते, बाप गावात वावर पाहतो, आणि शेलूबाजार ते अकोला अशी ज्वारी, तूरडाळ, लोणचं आणि सासूचे सल्ले एसटीनं जात राहतात. आधी इंग्रजी शाळा, मग नीटची शिकवणी. बारावी होईपर्यंत नवराबायको एकमेकांना पाहुण्यासारखे भेटतात. शिक्षणासाठी देशांतर म्हणतात ते आमच्याकडे बार्शीटाकळी ओलांडली की सुरू होतं. त्या देशांतराचं अंदाजपत्रक मात्र आजवर कोणी कागदावर मांडलं नव्हतं. पुतण्यानं बायकापोरांना दुबईला न्यायचं ठरवलं, तेव्हा पहिल्यांदा कागद झाला.

व्हिसाचं फार अवघड निघालं नाही. अमिरातीचं सरकार म्हणतं, ४,००० दिरहम पगार असला, किंवा ३,००० आणि राहायला जागा, तर आणा कुटुंब. दादाला, म्हणजे पुतण्याच्या बापाला, हे फार पटलं. ‘किती समजदार सरकार हाय’ असं तो चहा संपेपर्यंत म्हणत होता. मग शाळेचा कागद आला. तिथल्या सरकारी शाळा मुख्यतः तिथल्या नागरिकांच्या लेकरांसाठी. बाकीच्यांनी खासगी शाळा पाहायच्या. म्हणजे सरकार दार उघडून ‘या’ म्हणतं आणि ओसरीवर शाळा पट्टी घेऊन बसलेली असते.

पुतण्याला सीबीएसईची मधल्या दराची शाळा पसंत होती. एका लेकराचे वर्षाला १५,००० दिरहम. दिरहम चोवीस रुपयांचा धरला, सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये धरला. दोन लेकरांचे सात लाख वीस हजार, म्हणजे १३५ क्विंटल. एकरी उतारा सात क्विंटल धरला (दादा म्हणाला, ‘जास्त धरला’) तर एकोणीस एकर. दादाकडे सहा आहेत.

तिथे मी थांबायला हवं होतं, पण दिवाणजीचा हात थांबत नाही. हमीभाव कागदावरचा, व्यापारी तेव्हा देत होता तो चार हजारांच्या आसपास. त्या भावानं १८० क्विंटल लागतात, म्हणजे जवळपास सव्वीस एकर. हमीभाव आणि बाजारभाव यांतला फरक शेतकरी संघटना इतकी वर्षं भाषणांतून समजावते आहे. आमच्या घरात तो त्या दिवशी साडेसहा एकर एवढा स्पष्ट दिसला.

पुतण्यानं फोनवर सहज सांगितलं, की ही तर मधली शाळा, ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या काही शाळा वर्षाला लाख दिरहमच्या वर घेतात. तेही करून पाहिलं. लाख दिरहम म्हणजे चोवीस लाख रुपये, ४५० क्विंटल, चौसष्ट एकर. एका लेकराचे. आता महाराष्ट्राच्या कमाल जमीन धारणा कायद्यानं कोरडवाहू जमिनीची मर्यादा कुटुंबाला ५४ एकर घातली आहे. म्हणजे आमच्या नातवाला त्या शाळेत घालण्याएवढं सोयाबीन पिकवायचं तर दादाला आधी कायदा मोडावा लागेल, आणि वरची दहा एकरं सरकारजमा होऊन पोरगं सहामाहीलाच घरी येईल. त्या शाळेवर फुली मारताना पैसा नाही म्हणून मारली असं आम्ही कुठेही लिहिलं नाही. कायद्याची अडचण, असं लिहिलं.

शिवाय ब्रिटिश शाळांचं वर्ष ऑगस्टच्या शेवटी नाहीतर सप्टेंबरात सुरू होतं. पोळ्याच्या सुमाराला. शेतकऱ्याचा खिसा वर्षभरात तेव्हा असतो तितका रिकामा कधीच नसतो. बी-खत-फवारणीत सगळं गेलेलं, आणि सोयाबीन अजून शेंगेत. सीबीएसईवाल्या शाळा तिथेही एप्रिलात सुरू होतात. तोवर तूर निघालेली, हरभरा निघालेला, हातात चार पैसे खुळखुळत असतात. अभ्यासक्रम कोणता चांगला यावर शहाणी माणसं मोठमोठं बोलतात. माझं मत एवढंच आहे, की जो अभ्यासक्रम हरभऱ्यानंतर सुरू होतो तो चांगला.

शाळा चांगली की वाईट हे दुबईत सरकारी तपासनीस ठरवतात. केएचडीए नावाचं खातं आहे; ते शाळांना ‘उत्कृष्ट’पासून ‘अत्यंत कमकुवत’पर्यंत प्रत लावतं आणि ती जगजाहीर करतं. शाळेला वाटेल तेवढी फीही वाढवता येत नाही. शिक्षणाच्या खर्चाचा एक निर्देशांक काढतात आणि वाढ त्याला बांधलेली असते. २०२५-२६ साठी तो २.३५ टक्के होता. हे वाचून दाखवलं तेव्हा दादानं चष्मा काढला.

‘वर्षाले सव्वादोन टक्के? अन तेही सरकारले इचारून?’

अकोल्याच्या शाळेचा त्याला अनुभव होता. तिथे फी वाढत नाही. तिला लेकरं होतात. आधी नुसती फी होती, मग तिला ‘स्मार्ट क्लास’ झाला, मग ‘ॲक्टिव्हिटी’, मग ‘वार्षिकोत्सव’, आणि वार्षिकोत्सवाला मोराचा पोशाख भाड्यानं. आपल्याकडेही फी नियंत्रणाचा २०११ चा कायदा आहे, पालकांची कार्यकारी समिती आहे, सगळं आहे. समितीत सूनबाई होती. तिच्या सांगण्यानुसार बैठकीत समोसे चांगले असतात.

‘दुबई सस्ती हाय,’ दादानं निकाल दिला.

सस्ती नाही, हे दाखवायला मी कपातीची बाजू उघडली. कोणत्याही हिशेबपट्टीत वरचा आकडा देखणा असतो, खरी गंमत खाली, हमाली-तोलाईत. नाव नोंदवताना फीच्या दहा टक्क्यांपर्यंत अनामत, ती पुढे फीत वळती होते. बस वेगळी, वर्षाला काही हजार दिरहम. पुस्तकं वेगळी. गणवेश वेगळा. वहिनी इतका वेळ शेंगा फोडत होत्या, त्यांनी मान वर केली.

‘खिचडी देतात का?’

‘नाही वहिनी.’

‘अन डरेस?’

‘विकत.’

‘मंग इथली झेडपीची शाळा काय वाईट होती? पुस्तकं फुकट, डरेस फुकट, खिचडी फुकट.’

यावर कोणी बोललं नाही, कारण बोलण्यासारखं काही नव्हतं. तो मुद्दा वहिनींनी अकोल्याच्या वेळीही मांडला होता, आणि तेव्हाही अशीच शांतता झाली होती.

आणखी एक बाब म्हणजे अरबी. तिथल्या खासगी शाळांत परदेशी लेकरांनाही नववीपर्यंत अरबी शिकावीच लागते. म्हणजे शिकवणी आली. आधी सहा क्विंटल लिहिले होते. गल्लीतले उर्दू शाळेतले निवृत्त मास्तर म्हणाले, अक्षरं मी बसवून देतो, फी नको, फक्त पोरगं सकाळी सातला उठून आलं पाहिजे. ते न जमण्याचा संभव धरून मी सहा क्विंटल तसेच ठेवले.

एवढ्यात गावभर बातमी झालीच. चौकातल्या पानटपरीवर सल्ल्यांना तोटा नाही. कोणी म्हणालं, इंग्लंडला का नाही जात, तिथं सरकारी शाळा फुकट. ते खरं आहे. तिथली खासगी शाळा मात्र १ जानेवारी २०२५ पासून वीस टक्के व्हॅटसह. कोणी अमेरिकेचं काढलं. तिथेही सरकारी शाळा फुकट, पण बहुतेक ठिकाणी घर ज्या हद्दीत तीच शाळा. त्यामुळे चांगल्या शाळेच्या हद्दीतलं घरभाडं शाळेची फी वसूल करून मोकळं होतं. पानटपरीवाल्यानं विचारलं, दोन्हीकडे नोकरी कोण देऊन राह्यलं? तिथे चर्चा संपली.

आता जमेची बाजू. हीच सगळे विसरतात. अकोल्याची खोली ७२,००० रुपये वर्षाला, दोघांची शाळा ९०,०००, शिकवणी ५०,०००, ऑटो २४,०००. एकूण दोन लाख छत्तीस हजार, म्हणजे चव्वेचाळीस क्विंटल. ते वाचणार. पोट एकच, पण शेलूबाजारात एक चूल, अकोल्यात एक, दुबईत एक, अशा तीन चुली चालल्या होत्या. त्यांतली एक विझणार. १३५ तून ४४ गेले, राहिले ९१. पुतण्याच्या पगारातून बहुतेक निघतील. पहिल्या वर्षाची तूट समृद्धीतून.

समृद्धीतून म्हणजे दादाच्या एका एकरातून. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गात त्याचा एक एकर गेला, शेलूबाजारला चढायची-उतरायची जागा झाली, आणि आलेला मोबदला बँकेत मुदत ठेवीत बसला. त्या रस्त्यावर दुचाकीला बंदी आहे. त्यामुळे दादाला मोटारसायकलवरून स्वतःच्या जुन्या वावरातून जाता येत नाही. नातवंडं मात्र त्याच वावरातून टोल भरून मुंबईच्या विमानतळावर जाणार, आणि तिकडची पहिली फी त्याच एकराच्या व्याजा-मुद्दलातून. एका एकरानं इतकी वर्षं सात क्विंटल दिले. शेवटच्या खेपेला भरपूर दिलं, असं दादा म्हणतो. म्हणताना हसतो, पण पासबुक खिशातून बाहेर काढत नाही.

राहता राहिला शाळा सोडल्याचा दाखला. त्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची सही, मग राज्याचा शिक्का, मग परराष्ट्र खात्याचा, मग अमिरातीच्या वकिलातीचा. इतके शिक्के बसल्यावर त्या कागदावर पोराचं नाव वाचता येईल का, अशी शंका सूनबाईनं काढली. त्याचे मी दोन क्विंटल लावले, एजंट धरून.

खाली ‘इतर’ असा रकाना राहिला होता. वहिनींनी टरफलं सुपात झटकली आणि म्हणाल्या, ‘त्यात माह्यं तिकीट लिवा. सून नोकरी पाहीन म्हंते, लेकरायले कोन पाहीन?’

मी लिहिलं. दादानं खाकरून विचारलं, ‘अन माह्यं?’

‘तुमी इथंच राहा,’ वहिनी म्हणाल्या. ‘एक्याण्णव क्विंटल कोन काढन?’