फायरवॉल चालू हाये ना बे?

नागपुरात घरचा कॉम्प्युटर बिघडला की दुरुस्तीला आधी भाचा येतो. इंजिनीअरिंगची शाखा सिव्हिल असली तरी चालते. मनीषनगरातल्या एका काकाजींचा प्रिंटर रुसला तेव्हा भाच्याने खुर्ची ओढली आणि निदान केलं, "काकाजी, फायरवॉल अडवून राहिली." फायरवॉल बंद झाली. प्रिंटर ढिम्म. त्यातला कागद संपला होता. कागद भरला गेला. फायरवॉलकडे पुन्हा कोणी पाहिलं नाही.

२००१ च्या विंडोज एक्सपीत फायरवॉल होती, पण बंद. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा किडा जगभर पसरला. मशीन नुसतं इंटरनेटला जोडलं तरी साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू व्हायची आणि ते आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचं. मग २००४ च्या सर्व्हिस पॅक २ पासून मायक्रोसॉफ्टने फायरवॉल चालू करूनच द्यायला सुरुवात केली. भाचेमंडळी तेव्हापासून ती बंद करताहेत.

पुढे सेटिंगमध्ये प्रश्न येतो, नेटवर्क खासगी की सार्वजनिक? "घर आपलं, मंग खासगीच ना!" काकू म्हणाल्या. पण वाय-फायचा पासवर्ड कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिलेला. वरचे भाडेकरू, ट्यूशनची पोरं, कूलरची खस बदलायला आलेला माणूस, सगळ्यांना तो पाठ. खासगी निवडलं तर मशीन आसपासच्या उपकरणांना दिसू शकतं, सार्वजनिक निवडलं तर अंग चोरून बसतं. म्हणजे या घराला 'सार्वजनिक' हेच खरं उत्तर. काकाजींना ते अपमानास्पद वाटलं.

फायरवॉलची परवानगीची चौकट तर कोणी वाचतच नाही. पोरगा पुण्यात संसाराला लागला, त्याचा क्रिकेटचा गेम अजून परवानगीच्या यादीत टिकून आहे.

खरी गंमत वेगळीच. विंडोजची फायरवॉल बाहेरून न बोलावता येणाऱ्याला अडवते. आतून बाहेर जाणाऱ्याला, वेगळा नियम केला नसेल तर, जाऊ देते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीसोबत इडापिडा शहराबाहेर निघते, तेव्हा तिला तरी कोण अडवतं? फरक इतकाच, की इथे बाहेर जाते ती आधारची प्रत आणि बँकेचं पासबुक.

म्हणून आजचा चोर भिंतीवरून उडी मारत नाही, फोन करतो. "सर, आज रात्री तुमची लाइट कापली जाणार. एक अ‍ॅप टाका." अ‍ॅप काकाजींनीच टाकायचं, आतून बाहेर जोडणी त्यांच्याच मशीनने करायची, अ‍ॅपवर दिसणारा नंबरही त्यांनीच वाचून दाखवायचा. फायरवॉलला यात आक्षेपार्ह काही दिसत नाही. फसल्यावर १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर लावायचा असतो, तोही लगेच. काकाजी आधी भाच्याला लावतात.

यंदा मात्र ते सावध होते. त्यांनी फायरवॉल चालू केली, हिरवी खूण पाहिली आणि फोनवरच्या माणसाला दरडावलं, "आमची फायरवॉल चालू हाये, समजलं का?"

"फारच छान, सर," तो अदबीने म्हणाला. "चालूच राहू द्या. आता स्क्रीनवर नऊ आकडी नंबर दिसून राहिला का?"