आरोग्याच्या रक्षणासाठी, समुद्राकाठी

सुट्टीवर आलेल्या माणसाने दिवसाला किती प्यावी, याचा सरकारी आकडा उपलब्ध आहे. सहा. दुपारच्या जेवणाबरोबर तीन, रात्रीच्या जेवणाबरोबर तीन. तो कुठल्या डॉक्टरने किंवा कीर्तनकाराने काढलेला नाही. स्पेनमधल्या बॅलिआरिक बेटांच्या सरकारने २०२० साली हुकूम काढून मायोर्कातल्या मागालुफ आणि प्लाया दे पाल्मा, आणि इबिझातल्या सांत आंतोनी इथल्या ‘सगळं पॅकेजमध्ये’वाल्या हॉटेलांसाठी तो ठरवून दिला. सातवा पेला हवा असेल तर मिळतो, फक्त त्याचे वेगळे पैसे मोजायचे. म्हणजे सातव्या पेल्याने यकृताला काही होत नाही, जो त्रास व्हायचा तो खिशाला. त्याच हुकमात हॅपी अवर बंद, एकावर एक फुकट बंद. शिवाय हॉटेलच्या गॅलरीतून खालच्या तरणतलावात उडी मारणाऱ्याला ताबडतोब खोली खाली करायला लावायची, असंही कलम आहे. इतकं नेमकं कलम जेव्हा लिहिलं जातं तेव्हा समजावं, आधी बऱ्याच जणांनी उड्या मारून झाल्या आहेत.

ही सगळी तजवीज ब्रिटिश आणि जर्मन पाहुण्यांसाठी होती. जर्मन मंडळी तिथे बादलीत सँग्रिया ओतून, भोवती कोंडाळं करून, लांब नळ्यांनी ती सामुदायिकरीत्या ओढतात. हे कळल्यापासून युरोपीय शिष्टाचाराबद्दलचा आमचा न्यूनगंड बराच ओसरला आहे.

आता परदेशी किनाऱ्यांवर आपणही मागे नाही. पूर्वी अष्टविनायक करायचे, त्या उरकाने लोक हल्ली फुकेत, क्राबी, पट्टाया करतात. आणि दारूच्या कायद्याशी कसं वागावं याचं जे शिक्षण घरी झालं, तेच घेऊन जातात.

ते शिक्षण काय, तेही पाहू. महाराष्ट्रात दारूबंदी आहे. दचकू नका. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आजही ठणठणीत आहे, फक्त त्याच्या नावातली मुंबई जाऊन महाराष्ट्र आला. त्यानुसार पिणाऱ्यापाशी परवाना असावा लागतो. विदेशी मद्याचा एक दिवसाचा परवाना पाच रुपयांना, आजन्म परवाना हजार रुपयांना. आणि हा परवाना कशासाठी दिला जातो, तर प्रकृतीच्या जतनासाठी आणि रक्षणासाठी. परमिट रूममध्ये चौथा पेग मागवणारा इसम शासनदरबारी रुग्ण असतो. कडक दारूसाठी वय २५ पूर्ण हवं. त्यामुळे पुण्यातला २४ वर्षांचा इंजिनियर कोथरूडमध्ये गुन्हेगार आणि फुकेतमध्ये चार वर्षांपासून प्रतिष्ठित ग्राहक असतो, कारण तिथे वीस पुरतात. ज्याने आयुष्यात कधी परवाना पाहिला नाही आणि ज्याला कधी कुणी विचारला नाही, त्याची पक्की समजूत होते की दारूचा नियम भिंतीवर लावण्यासाठी असतो.

ही समजूत पहिल्यांदा फुटते ती मालदीवला.

मुंबई विमानतळावर ड्यूटी फ्रीत आपला माणूस दोन बाटल्या घेतो. हिशेब पक्का असतो : तिथे महाग मिळते, आपण रूमवर बसू. वेलाना विमानतळावर उतरतो, बाहेर काचेसारखं हिरवंनिळं पाणी दिसत असतं, आणि बॅग एक्स-रेच्या पट्ट्यावरून सरकत जाते. पलीकडचा अधिकारी हसून बॅग बाजूला घ्यायला सांगतो. देशात दारू आणायला मनाई आहे. डुकराचं मांस नाही, पूजेच्या मूर्तीही नाहीत. गणपतीबाप्पा आणि ब्लॅक लेबल दोघेही एकाच यादीत. मग सुरू होतं ते खास आपलं. ‘हनिमूनला आलोय’, ‘सीलबंद आहे’, ‘माहीत नव्हतं’, ‘काही ॲडजस्ट होईल का?’. अधिकारी तितकंच गोड हसून पावती लिहितो. जाताना पावती दाखवा, बाटल्या परत न्या. त्या दोन बाटल्या मग चार रात्री, पाच दिवस सरकारी खोलीत मुक्काम करतात. सगळ्या सहलीत खरा आराम कुणाला मिळत असेल तर त्यांना.

आणि एवढं झाल्यावर स्पीडबोटीने रिसॉर्टच्या बेटावर पाय ठेवावा, तर समोर पंचवीस हात लांब बार. कायदा तोच, देश तोच, समुद्र तोच. १९७२ मध्ये कुरुंबा हे तिथलं पहिलं रिसॉर्ट सुरू झालं, तेव्हापासून पद्धत अशी की एका बेटावर एक रिसॉर्ट आणि तिथे पाहुण्यांना सगळं खुलं. ज्या बेटांवर मालदीवची माणसं राहतात, घरं, शाळा, मशिदी आहेत, तिथे थेंब नाही. बारमागे उभा असतो तो बहुधा श्रीलंकेचा, फिलिपिन्सचा किंवा आपल्याकडचाच पोरगा, कारण स्थानिकाने दारूला हात लावायचा नाही. बिअरच्या किमतीपुढे अधिकची दोन चिन्हं असतात. एक दहा टक्के सेवाशुल्काचं, दुसरं सतरा टक्के पर्यटन कराचं. विमानतळावर जे पाप होतं ते रिसॉर्टवर महसूल झालं. मध्ये फक्त वीस मिनिटांची बोट होती.

खरी गंमत होते ती स्वस्तात मालदीव करणाऱ्याची. म्हणजे आपलीच. रिसॉर्टचे भाव पाहून माफुशीसारख्या गाववस्तीच्या बेटावर गेस्ट हाउस घेतलेलं असतं. सामान टाकून, हाफ पँट चढवून तो खाली विचारतो, ‘बार किधर है?’ उत्तर म्हणून काउंटरवरचा मुलगा समुद्राकडे बोट दाखवतो. किनाऱ्यापासून थोडं दूर एक बोट नांगर टाकून उभी असते, दिवे लावून. तो बार. होडी येते, सात-आठ जणांना उचलते आणि तिकडे सोडते. लाटेने होडी वरखाली होत असते, बोटीची शिडी कधी हाताशी, कधी छातीशी. परमिट रूमला जाताना लाइफ जॅकेट घालावं लागेल असं नागपूरच्या माणसाला कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. पण याला मी शिष्टाचाराचं विद्यापीठ म्हणतो. कारण तिथून परतताना त्याच शिडीने उतरायचं असतं, हलत्या होडीत, अंधारात. आणि जेटीवर, लोखंडी सांगाड्याला दोर विणून केलेल्या त्यांच्या खुर्च्यांत रेलून, गावातली वडीलधारी मंडळी वारा खात बसलेली असतात. कुणी काही बोलत नाही. लग्नाच्या वरातीत डीजेसमोर आडवा झाला तरी ज्या माणसाला कधी लाज वाटली नाही, तो त्या शंभर पावलांत नाकाच्या रेषेत चालतो.

इथेच सगळ्या परदेशी नियमांचं मर्म आहे. तुम्ही पिता याला कुणाचीच फारशी हरकत नाही. हरकत आहे ती यजमानांच्या माणसांना दिसण्याला, आणि त्यांच्या गल्ल्याबाहेर पिण्याला. नजर आणि गल्ला, एवढ्या दोन गोष्टी सांभाळल्या की धर्म, संस्कृती, कायदा सगळे कुशीवर वळून झोपतात.

दुबईने हे दोरी बांधून दाखवलं आहे. हॉटेलच्या मालकीच्या वाळूवर आडवं पडून वयाची २१ वर्षं पूर्ण झालेल्याने हवं ते मागवावं. दोरीपलीकडच्या सार्वजनिक वाळूवर तोच पेला घेऊन गेलात की गुन्हा. मद्यावरचा ३० टक्के कर त्यांनी २०२३ च्या सुरुवातीला माफ केला, आणि दोन वर्षांनी, लोकांना सवय लागल्यावर, परत बसवला. असं वेळेचं भान आपल्या अर्थमंत्र्यांनाही नाही. शेजारचं शारजा मात्र कोरडं ठणठणीत. आपल्याला शारजा म्हटलं की सचिनचं १९९८ चं वादळ आठवतं. दुबईत नोकरी आणि भाडं परवडतं म्हणून शारजात बिऱ्हाड केलेल्या मराठी माणसाला गाडीच्या डिकीतली पिशवी आठवते.

थायलंडने दोरीऐवजी घड्याळ घेतलं. १९७२ मध्ये लष्करी राजवटीने फर्मान काढलं : दुपारी २ ते ५ दारू विकायची नाही. सरकारी नोकर जेवायला म्हणून बाहेर पडतात ते परत येत नाहीत, हे त्यामागचं कारण सांगितलं जातं. (या एका ओळीवर आपल्याकडच्या कुठल्याही मंत्रालयाला गहिवरून येईल.) ते कारकून निवृत्त झाले, त्यांची पोरं निवृत्तीला आली, बंदी राहिली. दोनला दोन मिनिटं कमी असताना बिअरचे सहा कॅन कवटाळून दुकानाच्या काउंटरकडे पळणारे पर्यटक हा तिथला रोजचा खेळ झाला. मग नोव्हेंबर २०२५ मध्ये नवा कायदा लागू झाला, की बंदीच्या वेळात विकणाराच नव्हे, पिणाराही १०,००० बाटपर्यंत दंडाला पात्र. पावणेदोनला मागवलेली बिअर दोनच्या आत संपवायची जबाबदारी गिऱ्हाइकावर आली. हॉटेलवाले कळवळले, पर्यटक बिथरले, आणि महिना उलटायच्या आत, डिसेंबरात, तेच तीन तास १८० दिवसांच्या प्रयोगासाठी खुले करण्यात आले. सरकारी नोकराला वळण लावायला ५३ वर्षं पुरली नाहीत. पर्यटकापुढे मान तुकवायला एक महिना पुरला.

तरी फोटोचं सांभाळा. २००८ च्या कायद्याच्या ३२व्या कलमाने दारूची जाहिरात रोखली, आणि ब्रँडचं नाव दिसणारा फोटो फेसबुकवर टाकणाऱ्या साध्या माणसांनाही ५०,००० बाटचे दंड झाले आहेत. ‘लाइफ सेट है’ असं लिहून बाटलीचं लेबल कॅमेऱ्याकडे वळवणाऱ्यांनी हा आकडा रुपयांत करून पाहावा. आणि तिथीही पाहावी. आषाढी एकादशीला आपल्याकडे ड्राय डे, म्हणून वैतागून सुट्टी टाकून थायलंड गाठावं. चार दिवसांनी आषाढ पौर्णिमा. बुद्धाच्या पहिल्या उपदेशाचा दिवस, दुकानांत विक्री बंद. दुसऱ्या दिवशी बौद्ध भिक्खूंचा वर्षावास सुरू होतो, त्या दिवशीही बंद. पंढरीचा राणा पासपोर्टाशिवाय कुठवर पोचतो पाहा.

आता आपल्या रीतीभातीविषयी थोडं, कारण दंडाच्या पावत्या न फाडता जे नियम मोडले जातात त्यांत आपला हात कुणी धरणार नाही. बीच क्लबमध्ये आरामखुर्चीसाठी किमान अमुक खर्च करावा लागतो, असं लिहिलेलं असतं. आपले आठ जण तीन खुर्च्यांवर बसतात, दोन लिंबू सोडे मागवतात आणि थैलीतून दोन लिटरची कोकची बाटली काढतात, जिच्यातला कोक रंगावरूनच ओळखीचा वाटत नाही. मागोमाग चिवडा, बाकरवडी, आणि ‘त्यांच्याकडचे दाणे खारट नसतात’ म्हणून घरून आणलेले खारे दाणे. वेटर पाहत असतो. त्याला ‘ओ बॉस, आइस दे ना जरा’ म्हणून बर्फ मागितला जातो, कारण बर्फ फुकट असतो ही आपली अंधश्रद्धा अजून कुठल्याही समितीला निपटून काढता आलेली नाही. बर्फाचं बिल आलं की मग वाद, आणि बिल वाटताना तो जुना अभंग : मी तर नुसता सोडा घेतला होता.

काचेच्या बाटल्या वाळूत नेऊ नयेत, हे कुठल्याही किनाऱ्यावर सांगावं लागतं. गोव्याने तर २०१९ मध्ये कायदाच बदलला : उघड्यावर पिताना सापडला तर एकट्याला २,००० रुपये, टोळक्याला १०,००० असा दंड तेव्हा ठरवला. वाळूत रोवलेल्या काचा कुणाच्या गाड्यांतून आल्या होत्या, त्या गाड्यांच्या नंबरांची सुरुवात कुठल्या दोन अक्षरांनी होत होती, हे विचारून शेजाऱ्यांत वितुष्ट कशाला आणा?

परतीच्या प्रवासात मात्र आपण अचानक कायद्याचे काटेकोर अभ्यासक होतो. भारतात येताना दर प्रवाशाला दोन लिटर मद्य करमुक्त आणता येतं, हे कलम सहलीतल्या प्रत्येकाला पाठ असतं. आणि त्या क्षणी सहलीतल्या न पिणाऱ्यांचा भाव वधारतो. पाच दिवस ज्यांना मागच्या सीटवर बसवलं, ज्यांच्यासाठी शाकाहारी जेवण शोधताना तोंडं वाकडी केली, त्या माळकरी काकूंच्या हातात आता आदराने पिशवी दिली जाते. काकूंनी पट्टायात कोकम सरबताची पावडर पाण्यात कालवून दिवस काढलेले. आता त्यांच्या नावावर एक-एक लिटरच्या दोन सिंगल माल्ट. ‘कुणी विचारलं तर म्हणायचं माझ्याच आहेत,’ असं पुतण्या तीनदा पढवतो. काकू तुळशीची माळ नीट करतात, ग्रीन चॅनलकडे निघतात. कस्टमचा माणूस सहज विचारतो, ‘काय आजी, काही सांगायचंय का?’

‘हो,’ काकू म्हणतात. ‘ही पिशवी माझी नाही. तो मागे लपलाय ना, त्याची. आणि त्याच्या बायकोला विचारा, तिच्या पर्समध्ये अजून एक आहे.’