घरबसल्या स्कीइंगची समीक्षा कशी करावी

गुरुग्रामचा मुख्य हिवाळी क्रीडाप्रकार म्हणजे घरात बसणे. नोव्हेंबर लागला की एक्यूआय चारशेकडे सरकतो, प्रदूषणावरच्या ‘ग्रॅप’ निर्बंधांचे टप्पे एकामागून एक लागू होतात, शाळा ऑनलाइन जातात आणि बाल्कनीचे दार फेब्रुवारीपर्यंत मिटते. अशा दिवसांत मुलाच्या नावाने स्की-रिसॉर्टचा लेगो संच घरात येतो आणि मुलाच्या बापाला त्याची समीक्षा लिहिण्याची उबळ येते. ही उबळ दाबू नये, तिला शिस्त लावावी. पुढील विवेचन त्यासाठीच आहे.

खरेदीला अँबियन्स मॉल उत्तम. लेगोचे देशातले पहिले अधिकृत दुकान 2025 मध्ये तिथेच उघडले आणि आयस्केट ही बर्फाची रिंगणेही त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. म्हणजे प्लास्टिकचा बर्फ आणि खरा बर्फ एकाच पार्किंगच्या पावतीत पाहून होतो. खरेदीआधी किमतीला तुकड्यांच्या संख्येने भागावे. 2018 च्या ‘स्की रिसॉर्ट’ संचात (क्रमांक 60203) 806 तुकडे होते. हा भागाकार एकट्याने करावा, पत्नीसमोर करू नये; ती त्याच आकड्याला महिन्याच्या किराण्याने भागते. प्रश्न आलाच तर आयात शुल्काकडे वळावे. खेळण्यांवरचे शुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्क्यांवर आणि 2023 मध्ये 70 टक्क्यांवर गेले होते. अर्थशास्त्र सुरू झाले की निम्मे श्रोते उठतात.

खोक्यावर वयोगट छापलेला असतो. मोठ्यांसाठी कंपनी 2020 पासून 18+ असे छापलेले काळे, भारदस्त खोके काढते. पण स्कीइंगचे संच सहसा पोराटोरांच्या रंगीत खोक्यांत येतात. फोटो काढताना वयाच्या आकड्यावर अंगठा ठेवावा.

जोडणीसाठी डायनिंग टेबल ताब्यात घ्यावे आणि रंगवार तुकडे वाट्यांत घालावेत. हिवाळी संचात पांढरे तुकडे फार. ती वाटी ओट्याजवळ ठेवू नये, विशेषतः एकादशीला. सूचनापुस्तिकेत एकही वाक्य नसते, सगळी चित्रे. त्यामुळे ‘तुला अजून नीट वाचता येत नाही’ ही सबब मुलापुढे टिकत नाही. त्याला तुकडे शोधून देण्याचे खाते द्यावे.

“बाबा, आता मी लावू?”

“एवढं होऊ दे, मग.”

‘एवढं’ म्हणजे किती, हे समीक्षेत लिहिण्याचे कारण नाही.

चाचण्या दोनच, पण काटेकोर हव्यात. पहिली उताराची. स्कीपटूला शिखरावरून सोडावे. तो मध्येच अडकला तर ‘घर्षण वास्तवदर्शी’ असे नोंदवावे. सुटून सोफ्याखाली गेला तर ‘वेग उत्तम’. दुसरी बर्फाची. फिकट निळ्या गुळगुळीत फरशीवर स्केट घातलेली मुलगी एका पायावर उभी असते. मग मॉलमध्ये जाऊन खऱ्या रिंगणात पाहावे: नवशिकी मंडळी कडेचा कठडा दोन्ही हातांनी धरून सरकत असतात आणि मध्यभागी दहा वर्षांची एखादी मुलगी गिरक्या घेते. संचात कठडा नसेल तर अर्धा तारा कापावा.

खरी कसोटी भारतीय वास्तवाची आणि इथे समीक्षकाने सढळ लिहावे. लेगोचा डॅनिश बर्फ फार स्वच्छ असतो. गुलमर्गच्या गोंडोलाने कधी वर गेलेल्या माणसाला माहीत आहे, की दुसरा टप्पा अफरवतवर सुमारे 3,980 मीटरपर्यंत नेतो, पण त्याआधी खाली गमबूट आणि फरचा कोट भाड्याने देणारे चारजण तुमची बाही धरून असतात. संचात ते नाहीत. तुम्हाला स्लेजवर बसवून ओढत नेणारा, अर्ध्या चढावर थांबून दराची फेरचर्चा करणारा भाई नाही. मॅगीचे पातेले नाही. कानटोपी, मफलर आणि बाकरवडीचा पुडा घेऊन आलेली मराठी सहल तर नाहीच नाही. आपला लूजपटू शिवा केशवन 1998 ते 2018 अशी सलग सहा हिवाळी ऑलिंपिक खेळला. तो चाके लावलेल्या लूजच्या घसरगाडीवर आडवा होऊन हिमालयातल्या घाटरस्त्यांवर सराव करायचा, वाटेत ट्रक आणि मेंढ्या. खोक्यात ट्रक नाही, मेंढी नाही. बीजिंगला 2022 मध्ये भारताचा एकच खेळाडू होता, गुलमर्गचा आरिफ खान, जायंट स्लालममध्ये पंचेचाळिसावा. संचात मात्र तीन पायऱ्यांचा विजयमंच असतो. पंचेचाळिसाव्याला उभे राहायला जागा कुठे, हा प्रश्न समीक्षेत जरूर विचारावा. त्याने लेखाला वजन येते.

या टप्प्यावर पुण्याहून आलेली आजी चष्मा लावून संच पाहते आणि म्हणते, “अरे, एवढा बर्फ, आणि एकाच्याही कानाला काही नाही?” लेगोच्या माणसाला 1978 पासून कानच नाहीत, हे तिला नम्रपणे सांगावे. ती म्हणेल, “म्हणूनच कुणाचं ऐकत नाहीत.” हे वाक्य समीक्षेत आपले म्हणून वापरायला हरकत नाही.

तारे साडेचार द्यावेत. पाच दिल्यास लोक तुम्हाला विकले गेलेले समजतात आणि चार दिल्यास पत्नी विचारते, मग आणला कशाला?

संच पूर्ण झाला की उंच फळीवर जातो. कामवाल्या दीदींना तिथे फडके मारायची मनाई असते, त्यामुळे जानेवारीअखेर उतारावर करड्या रंगाचा थर जमतो. तो बर्फाइतकाच भुरभुरीत असतो. ‘स्थानिक हवामानाशी जुळवून घेतो’ असे लिहून मोकळे व्हावे.

टिकाऊपणाचा रकाना अकरा महिने रिकामा ठेवावा. भाडेकरार तेवढ्याचाच असतो. घरमालकाने भाडे वाढवले की सेक्टर बदलतो आणि अख्खे रिसॉर्ट टेम्पोतून नेता येत नाही. मोडायचे काम मुलाकडे द्यावे. त्याला पुस्तिका लागत नाही, आणि बापाने दिलेले हे पहिलेच स्वतंत्र खाते असल्याने तो ते मन लावून करतो. मात्र त्याच्यावर नजर ठेवावी. दोन-बाय-चारच्या एकाच रंगाच्या सहा विटा 91,51,03,765 प्रकारे जुळतात, असे गणित आहे, आणि पुस्तिकेत त्यांतला एकच छापलेला असतो. लिफ्टचे खांब काढून त्याने गुरुग्रामच्या रॅपिड मेट्रोचा पूल उभा केला, गोंडोलाचे डबे त्यावरून सोडले आणि स्कीपटूंना काठ्यांसकट सिकंदरपूरच्या फलाटावर रांगेत उभे केले, तर समीक्षेत ‘पर्यायी बांधणी शक्य’ एवढीच नोंद करावी. फोटो जोडू नये.