जावईबापूंची पलटण

लष्करातून निवृत्त झालेली माणसं बँकेच्या दारात सुरक्षारक्षक म्हणून उभी राहतात, शेती बघतात, जमलं तर सरपंच होतात. लष्करातून निवृत्त झालेल्या गाड्यांपुढे मात्र दोनच वाटा असतात. एक भंगारवाल्याचा गॅस कटर आणि दुसरी माझ्यासारखा इसम. गाड्यांना कुणी विचारत नाही म्हणून बरं, नाहीतर बऱ्याच जणींनी कटर पसंत केला असता, असं मामांचं मत आहे.

मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा. सातारा जिल्ह्यातले, घरटी एक तरी फोटो गणवेशातला लागतो त्या भागातले. ई.एम.ई.तून, म्हणजे लष्कराच्या गाड्या आणि रणगाडे दुरुस्त करणाऱ्या दलातून, सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. माझी जोंगा सोसायटीच्या फाटकातून आत आली तेव्हा ते आमच्याकडेच उतरले होते. गॅलरीतून त्यांनी खाली पाहिलं, चहाचा कप कठड्यावर ठेवला आणि म्हणाले, "जावईबापू, ह्या गाडीतून कधी एकदा उतरायला मिळतंय, ह्याची वाट बघत आम्ही उभी नोकरी काढली. तुम्ही पैसे देऊन चढलात?"

जोंगा हे नाव एखाद्या आफ्रिकी नाचाचं वाटतं, पण ती निस्सान पॅट्रोलची जबलपुरी आवृत्ती. 1969 पासून जवळजवळ तीस वर्षं जबलपूरच्या वाहन कारखान्यात ती बनत होती. सहा सिलिंडर, 3956 सीसी, पेट्रोल. लिटरला चार किलोमीटर, उतार लागला तर पाच. चालवताना समोर बघितलं तर वेगाचा काटा आणि पेट्रोलचा काटा ह्यांची शर्यत लागलेली दिसते, आणि जिंकतो नेहमी पेट्रोलचाच. लष्कराला हे परवडत होतं, कारण तेव्हा पेट्रोलचे पैसे आपण सगळे मिळून भरत होतो. आता मी एकटा भरतो. विकणारा म्हणाला होता, "धोनीनं पण घेतलीय, साहेब." 2019 साली धोनीने घेतली हे खरं आहे. पण धोनीच्या आणि माझ्या उत्पन्नात थोडा फरक आहे, हे विकणाऱ्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

अशा गाडीच्या मागे लागणाऱ्याला आधी लिलाव नावाची गोष्ट समजून घ्यावी लागते. लष्कर आपली कंडम वाहनं 'जसे आहे, जेथे आहे' ह्या तत्त्वावर विकतं, आणि तीही सुटी नव्हे, लॉटमध्ये. तुम्हाला हवी असते एक जोंगा. लॉटमध्ये तिच्याबरोबर दोन वन-टन ट्रक, एक पाण्याचा ट्रेलर आणि कशाचं तरी अर्धं असतं. म्हणून शहाणा शौकीन लिलावात न जाता लॉट उचलणाऱ्या व्यापाऱ्याच्या आवारात जातो, आणि तिथे पोचला की शहाणा राहत नाही.

नंतर कागद. अशा वस्तूंची विक्री भारताच्या राष्ट्रपतींच्या वतीने होते, कागदावर तसं छापलेलंच असतं. आरटीओच्या खिडकीतल्या कारकुनाने तो कागद उलटसुलट करून विचारलं, "आधीचे मालक सही करायला येणार आहेत का?" मी म्हटलं, "ते दिल्लीला असतात." तो म्हणाला, "मग पुढच्या सोमवारी या." चूक त्याची नव्हती. छापील फॉर्मात राष्ट्रपतींसाठी वेगळा रकाना नव्हता.

लष्करी नंबराची पाटी गाडी बाहेर पडण्याआधीच काढतात. तिच्यावर सुरुवातीला वर टोक केलेला बाण असतो, मग गाडी सैन्यात दाखल झाल्याच्या सालाचे दोन आकडे. बाण गेला आणि एमएच 12 आली. पण मोठा घाव पुढेच होता. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989, नियम 121: संरक्षण खात्याची वाहनं सोडून दुसऱ्या कुठल्याही वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. म्हणजे ज्या रंगावर भाळून माणूस गाडी आणतो, तोच रंग आधी उतरवायचा. घरात मतदान झालं. बायको आमसुली म्हणाली, मुलगी पिवळा म्हणाली, मामा म्हणाले, "हिरवा सोडून कुठलाही लावा. म्हणजे रस्त्यात भेटली तर ओळख दाखवायला नको." शेवटी मातकट तपकिरी ठरला. पण लष्कराने त्या पत्र्यावर वर्षानुवर्षं हिरव्याचे इतके थर चढवलेत की जरा कुठे घासलं की खालून सैन्य डोकावतं. गाडीला ओरखडा गेला की इतरांना डेंटिंगचा खर्च आठवतो, मला नियम 121 आठवतो. म्हणून हातमोज्यांच्या खणात तपकिरी रंगाची डबी आणि बारका ब्रश कायम असतो.

पहिल्या रविवारी मामा खाली आले. बॉनेट उघडलं, गाडीखाली वाकून पाहिलं, आणि कमरेवर हात ठेवून म्हणाले, "चूक गाडीत नाही, जावईबापू. ही गाडी एकट्या माणसासाठी केलेलीच नाही. हिच्यामागं ड्रायव्हर असतो. ड्रायव्हरमागं फिटर. फिटरमागं वर्कशॉप, वर्कशॉपमागं डेपो, डेपोमागं जबलपूर आणि जबलपूरमागं दिल्ली. तुमच्यामागं कोण आहे?"

मी मागे वळून पाहिलं. मागे बायको उभी होती.

त्या रविवारपासून आमच्या घरात भरती सुरू झाली. पहिली भरती बायकोची झाली, आणि ती थेट स्टोअरवर. गाडीबरोबर काय आलं आणि काय नाही, ह्याची यादी तिने शंभरपानी वहीत केली: जॅक नाही, चाकाचा पाना नाही, स्टेपनी आहे पण तिच्यात हवा नाही. लष्करी यादीत आधी वस्तू आणि मग तिचं वर्णन येतं, हे मामांनी सांगितल्यावर तिला ती पद्धत इतकी पटली की स्वयंपाकघरातले डबेही बदलले. 'डाळ, तूर, जुनी'. 'पीठ, थालीपीठ, भाजणी'. माझ्या औषधांच्या पेटीवर 'गोळ्या, रक्तदाब, सकाळ' लिहिलंय. हे शेवटचं माझ्या बाबतीत उपयोगी पडतं, एवढं कबूल करायला हरकत नाही.

मुलीला कार डायरी दिली. लष्करातली गाडी कुठल्या कामाला, किती किलोमीटर गेली ते तीत लिहितात. आमच्या डायरीत बहुतेक ठिकाणी 'काम: चालते का बघणे' असं आहे.

मी ड्रायव्हर. म्हणजे सगळ्यात खालचा. सकाळी गाडी हलवण्याआधी फर्स्ट परेड: तेल, पाणी, हवा, बॅटरी, नटबोल्ट. वाटेत थांबलो तर हॉल्ट परेड. परत आल्यावर लास्ट परेड. आमची जोंगा फार तर सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाते, त्यामुळे तिन्ही परेड मिळून प्रवासापेक्षा जास्त वेळ घेतात. पण मामांच्या परेडमध्ये सूट नसते. अमृततुल्यासमोर थांबलो की बाकीचे चहा घेतात आणि मी प्रत्येक चाकाच्या मध्यावर तळहात ठेवून ते तापलंय का बघत फिरतो. लोकांना वाटतं गाडीची दृष्ट काढतोय.

एक गोष्ट मात्र मामांनी स्वतः हौसेने करून दिली. लष्कराच्या गाडीत मागच्या आक्सलच्या मधला गोळा पांढरा रंगवलेला असतो आणि त्याच्यावर एक छोटा दिवा टाकलेला असतो. रात्री ताफा निघाला की बाकी सगळे दिवे बंद. मागचा ड्रायव्हर पुढच्या गाडीचा तेवढा पांढरा गोळा बघत चालवतो. वरून शत्रूला काही दिसत नाही. युक्ती इतकी साधी की बघून हात जोडावेत. आमच्या गाडीवर तो दिवा मामांनी पुन्हा पेटवला, आणि मी रात्री सिंहगड रस्त्याला लागलो. दुचाकीचा स्टँड खाली राहिला तर अर्धा किलोमीटर पाठलाग करून सांगणारं हे शहर. दर सिग्नलला कुणीतरी काचेवर टकटक करून सांगायचं, "काका, गाडीखाली काहीतरी पेटलंय!" एक बाई तर पाण्याची बाटली उघडून तयार होत्या. शत्रूपासून लपायची सोय होती, पुणेकरांपासून नव्हती.

सुट्या भागांचं वेगळंच. कार्बोरेटर मंडी डबवालीहून आला. पंजाब-हरियाणाच्या सीमेवरच्या ह्या गावात जुन्या जीप आणि जोंगा इतक्या उघडतात-जुळवतात की आमच्या छंदातली माणसं त्या गावाचं नाव जरा आदराने घेतात. किरकोळ वस्तूंसाठी बुधवार-रविवारचा आपला जुना बाजार. तिथे गेलेला माणूस बोल्ट आणायला जातो आणि तंबू घेऊन येतो. मीही आणला. सैन्यातले तंबू वजनावरून ओळखतात, चाळीस पौंडी, ऐंशी पौंडी, एकशेऐंशी पौंडी. मी मोठा घेतला. एकशेऐंशी पौंड म्हणजे ब्याऐंशी किलो, तेही कोरडा असताना. तो गच्चीवर चढवायला शेजारची चार मुलं लागली, आणि वर गेल्यावर लक्षात आलं की मेखा ठोकायच्या तर सोसायटीने नुकतंच केलेलं वॉटरप्रूफिंग फोडावं लागेल. मग दोऱ्या पाण्याच्या टाक्यांना बांधल्या. रात्री वारा सुटला तसा दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचा फोन आला की टाकी हलतेय, भूकंप आहे का. दुसऱ्या दिवशी सूचना फलकावर दोन कागद लागले. एक, 'गच्चीवर छावणी टाकू नये.' दुसरा पार्किंगसंबंधी, 'लष्करी वाहनांनी आपापले तेल आपापल्या चौकोनात सांडावे.' दुसऱ्या सूचनेचा मसुदा बायकोचा होता, हे मला नंतर कळलं.

ह्या सगळ्या पसाऱ्यात एकच वस्तू अशी आहे की तिच्याबद्दल मी कुणाचं काही ऐकून घेत नाही. जेरीकॅन. वीस लिटरचा पत्र्याचा चपटा डबा, जर्मनांनी दुसऱ्या महायुद्धाआधी केलेला. युद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात इंग्रज पेट्रोल न्यायचे ते पातळ पत्र्याच्या चौकोनी डब्यांतून. ते वाटेतच गळायचे, आणि पेट्रोल रणगाड्याच्या आधी वाळूला मिळायचं. मग इंग्रज सैनिक जर्मनांचे पकडलेले डबे जपून वापरू लागले, आणि शेवटी इंग्लंड-अमेरिकेने मुकाट्याने नक्कल केली. जर्मनांना ते 'जेरी' म्हणायचे, म्हणून जेरीकॅन. वर एक नव्हे, तीन दांडे. भरलेला डबा एकट्याने न्यायचा तर मधला दांडा, दोघांनी न्यायचा तर कडेचे दोन, आणि रिकामे असतील तर कडेचे दांडे जुळवून एका हातात दोन. आत थोडी हवा राहते म्हणून भरलेला डबाही पाण्यावर तरंगतो. झाकणाला आटे नाहीत, खटका आहे. तो पाना नसताना, हातमोजे घालूनही उघडतो. ज्याने हे केलं त्याने डबा उचलणाऱ्याचा विचार केला होता. आपल्याकडे गॅस सिलिंडर उचलणाऱ्याचा असा विचार कुणी केल्याचं दिसत नाही. जिन्यात एका हातात दोन रिकामे डबे घेऊन मी हे सगळं समजावून सांगत होतो, तेव्हा बायकोने शांतपणे विचारलं, "ह्यात आता आपण पेट्रोल ठेवणार आहोत का?" नाही. "पाणी?" पेट्रोलच्या डब्यात पाणी नको. "मग हे तीन दांडे धरून आपण काय न्यायचं?"

असे प्रश्न आले की मी कानपूरकडे वळतो. दुसरं महायुद्ध संपल्यावर लिबरेटर जातीची बॉम्बफेकी विमानं कानपूरला टाकून दिली होती, आणि पुन्हा कुणी उडवू नयेत म्हणून त्यांची मुद्दाम मोडतोड केली होती. स्वातंत्र्यानंतर हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी त्याच भंगारातून विमानं उभी केली, उडवत बंगळूरला नेली, आणि ती भारतीय हवाई दलात 1968 पर्यंत चालली. जगातल्या संग्रहालयांना लिबरेटर हवं झालं तेव्हा त्यांनी आपल्याकडे मागितलं. म्हणजे जुनं लष्करी सामान जिवंत करणं हा छंद नाही, राष्ट्रीय परंपरा आहे. हे मी दर वेळी सांगतो. बायको दर वेळी म्हणते, "त्यांच्याकडे दुसरं विमान नव्हतं. आपल्याकडे मारुती आहे."

नगरच्या रणगाडा संग्रहालयात तिला मी अपेक्षेने नेलं होतं. 1994 पासूनचं आहे, पाकिस्तानकडून पकडलेले पॅटन उघड्यावर उभे आहेत, रोल्स रॉइसची चिलखती गाडी आहे. मला वाटलं, एवढं लोखंड एकत्र पाहून मन वळेल. ती प्रत्येक रणगाड्याखाली वाकून बघत होती. बाहेर पडताना म्हणाली, "एकाखालीही तेल नव्हतं." मामा खूश झाले. ते म्हणाले, "इंजिन चालू नसलं की गाडी फार शिस्तीत राहते."

एवढं सगळं बोलून मामा दर महिन्याला येतातच. येताना पिशवीत चटणी, शेंगा आणि जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला एखादा व्हॉल्व्ह किंवा पॅकिंग असतं. कुठून आणलं विचारलं की "गावाकडं मिळालं" म्हणतात. साताऱ्याच्या त्या गावांत शेतावर काय काय पडलेलं असतं, ह्याची चौकशी मी करत नाही.

परवा रात्री त्यांचा फोन आला. आवाज वेगळाच होता. "जावईबापू, थ्री टनर आहे. शक्तिमान." मी उठून बसलो. 1959 पासून जबलपुरात जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याखाली बनलेला, '65 आणि '71 ची युद्धं पाहिलेला, 1996 ला बंद झालेला ट्रक. मामा त्याच्यावरच काम शिकले होते. "जोंगाचं सोडा, ती साहेब लोकांची गाडी. शक्तिमानचा मी डोळे मिटून गिअरबॉक्स उतरवीन. इंजिन फिरतंय. लाकडाच्या वखारीत उभा आहे. मालक द्यायला तयार आहे."

"मामा, ठेवणार कुठे? इथे जोंगा चौकोनाबाहेर जाते."

"आमच्या वावरात ठेवू की. तुम्ही फक्त यायचं."

फोन स्पीकरवर होता. बायको शब्दकोडं सोडवत होती. मी तिच्याकडे न बघता विषय आवरता घेऊ लागलो, इतक्यात ती पेन्सिल खाली न ठेवता म्हणाली, "मामा, टूलकिट पूर्ण असेल तरच. जोंगाबरोबर जॅक कमी आला होता."