ओरिजिनल गाडीची बटणं

मुलुंडच्या एका सोसायटीत कव्हराखाली प्रीमियर पद्मिनी उभी असते. दर रविवारी मालक कव्हर उचलून सांगतात, "सगळं ओरिजिनल आहे हो, कुर्ल्याच्या कारखान्यातलं!" खरं आहे. वालचंद हिराचंदांच्या कंपनीचा तो कारखाना एलबीएस मार्गालगतच होता, आणि तोच मार्ग पुढे मुलुंडला येतो. म्हणजे गाडीचं सासर-माहेर एकाच रस्त्यावर.

या ओरिजिनल गाडीला आता पॉवर विंडो बसल्यात. हँडलं निघाली, दारात मोटार, रिले, नवं वायरिंग. गिअर अजून स्टिअरिंगजवळच्या दांड्यानेच टाकायचा, वळताना दोन्ही खांदे लावायचे, पण काचेसाठी फक्त तर्जनी! एसी नाहीच. घाटकोपरला धूळ आली की बटणाने काच वर, घामाच्या धारा लागल्या की बटणानेच खाली. खाचेतली रबरं कडक झाल्यामुळे काच कण्हत चढते आणि तेवढा वेळ हेडलाइट मान टाकतात. मालक याला 'स्मूथ' म्हणतात. शेजारची त्रिकोणी काच मात्र हातानेच उघडते. वारा येतो तो तिथूनच.

काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या. त्यांतल्या कित्येकींच्या मागच्या दाराला काचेचं हँडल नसायचं. सर आली की चालक पुढचं काढून मागे द्यायचा. अख्ख्या गाडीत एक हँडल, तक्रार शून्य.

पावसात मोटारीने दगा दिला तर? मालकांची तयारी आहे. जुनी हँडलं डिकीत प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलीत. फक्त ती बसवायला दारात आता दांडा उरलेला नाही.