तुमचा शनिवार, आमचा शनिवार

"वसू, आहेस का गं? वाटी घे बाई तुझी. आणि नवं कालनिर्णय आणलंस का?"

काकूंची हाक आली की मी गॅस बारीक करते. पनवेलच्या आमच्या रो-हाउसच्या ओळीत दोन घरांमध्ये छातीएवढी भिंत आहे. तिच्यावरून रिकामी वाटी परत द्यायची पद्धत नाही. मार्गशीर्षातला गुरुवार, त्यामुळे वाटीत खीर होती.

"आणलं ना काकू. पण ते भिंतीवर लागायच्या आधीच आमचा मंदार घेऊन बसला. राशिभविष्य नाही, मागची पाककृती नाही, नुसत्या लाल तारखा मोजतोय. मोजून झाल्या आणि कपाळाला हात. म्हणतो, 2026 सालानं पार वाटोळं केलं. 1 मे आणि बुद्धपौर्णिमा एकाच दिवशी. महाशिवरात्र रविवारी, लक्ष्मीपूजन रविवारी. आणि 15 ऑगस्ट शनिवारी, वर पारशी नववर्षही त्याच दिवशी!"

"त्याला पारशी तरी काय करणार? त्यांचं वर्ष 365 दिवसांचं, लीप वर्ष त्यात नाही. म्हणून चार वर्षं झाली की एक दिवस अलीकडे सरकतं. 2023 पर्यंत 16 ऑगस्टला होतं, आता 2027 पर्यंत पंधरालाच. आमच्या ह्यांचा जन्म सरकारी कचेरीत गेला, सुट्ट्यांची परिपत्रकं मला तोंडपाठ आहेत."

"पण काकू, खरं सांगू? त्या 15 ऑगस्टला मी मनातल्या मनात खूश आहे. तो तिसरा शनिवार. 2015 पासून आमच्या बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात, पहिल्या-तिसऱ्याला आम्ही काउंटरवरच. मंदारला शनिवार असतोच मोकळा, त्याची सुट्टी बुडाली. माझी मात्र आयती पदरात पडली."

"म्हणजे झेंडा एकच, पण एक जण हिरमुसलेला आणि एक खुशीत."

"21 मार्चचंही तेच. रमजान ईद शनिवारी, चंद्र दिसेल तसा एखादा दिवस इकडेतिकडे. तोही तिसरा शनिवार. 19 ला गुरुवारी पाडवा. मधला शुक्रवार टाकला की माझे सलग चार दिवस."

"मग तक्रार कसली?"

"ऐका तर. गुड फ्रायडे 3 एप्रिलला, महाराष्ट्र दिन 1 मेला, गांधी जयंती 2 ऑक्टोबरला. तिन्ही शुक्रवार. अख्खं पनवेल बॅगा भरून निघणार. आणि तिन्ही वेळा दुसऱ्या दिवशी कोण? पहिला शनिवार! सगळे समुद्रावर, आणि मी पासबुक छापतेय."

काकू भिंतीला टेकून खदाखदा हसल्या. "अगं, पण तुमचा पाच दिवसांचा आठवडा होणार होता ना?"

"त्याचं घोंगडं भिजत पडलंय. संघटना आणि बँका यांचं 2024 च्या मार्चमध्येच ठरलं, सरकारची मान्यता तेवढी राहिली. तुमच्या श्रीपादची मजा आहे, राज्य सरकारी कचेरीत त्याला 2020 पासूनच सगळे शनिवार मोकळे."

"मजा कसली? त्याबद्दल रोज सव्वासहापर्यंत बसावं लागतं. अलिबागहून घरी येईपर्यंत भाजी गार. पण दिवाळीला त्याचं बरंय. शनिवार-रविवार 7 आणि 8 नोव्हेंबर, मंगळवारी पाडवा, बुधवारी भाऊबीज. सोमवारची एक किरकोळ रजा टाकली की पाच दिवस घरी."

"भाऊबीज तुम्हा राज्य सरकारवाल्यांनाच. ती जादा सुट्टी, बँकेला लागू नाही. ओवाळायला मी संध्याकाळी धावतपळत येणार आणि भाऊ तोवर जेवून पेंगायला लागलेला."

"आणि मंदारच्या कंपनीत?"

"त्यांची यादीच वेगळी. दुकाने-आस्थापनांच्या 2017 च्या कायद्यानं आठ पगारी सुट्ट्या द्याव्या लागतात. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या चार ठरलेल्या, बाकीच्या चार मालक आणि कामगारांनी आपसांत ठरवायच्या. मोहरमला माझा तर लाभच आहे. 26 जून शुक्रवार, 27 ला चौथा शनिवार, मग रविवार. पण मंदार शुक्रवारी कॉलवर, म्हणजे मी एकटीनं घरात बसून पावसाकडे बघायचं. आणि आमच्या चिनूच्या शाळेची यादी चौथीच. चार याद्यांत तिघांची एक तारीख जुळवायची म्हणजे लग्नाच्या पत्रिका जुळवणं सोपं."

"त्यात श्रीपादचीही यादी धरलीस होय? बरं केलंस. त्याच्या कचेरीत डिसेंबर आला की निराळाच ताप. प्रत्येक जिल्ह्याच्या कलेक्टरला वर्षात तीन स्थानिक सुट्ट्या देता येतात ना. मग ह्याचा फोन, त्याचा फोन, आमच्या जत्रेचं बघा, आमच्या उरुसाचं बघा. यादी छापली म्हणून संपतही नाही. 2025 चं आठवतंय ना? अनंत चतुर्दशी 6 सप्टेंबरला, ईद-ए-मिलाद 5 ला. मुस्लिम मंडळींनीच मिरवणूक पुढे घ्यायचं ठरवलं, मग मुंबईची सुट्टी शुक्रवारची सोमवारी गेली. ज्यांनी आधीच तिकिटं काढली होती त्यांची काय धांदल!"

"नव्या सालात गणपती तरी किती उशिरा. 14 सप्टेंबर."

"उशिरा येणारच, अधिक आहे ना. 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ. पुढचे सगळे सण ढकलले गेले. माझ्या डोक्याला ती वेगळीच काळजी. नाशिकच्या जावईबापूंना धोंड्याचं वाण द्यायचं. ते म्हणतात रविवारीच येईन. त्या महिन्यात रविवार चार-पाचच. त्यात एक त्यांच्या आईकडे, एक मुलांच्या क्लासचा. मी म्हटलं, अनारसे काही वार बघून फसफसत नाहीत, मंगळवारी या!"

"पण गणपतीला माझं जमतंय हं काकू. सोमवारी चतुर्थी, 12 ला दुसरा शनिवार. शुक्रवारी रात्री पनवेलहून कोकणकन्या मिळाली की सकाळी गावी."

"मिळाली की! आरक्षण आता साठच दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं एकशेवीस नाही. जायचा दिवस त्यात धरत नाहीत. 11 सप्टेंबरची गाडी हवी तर 13 जुलैला सकाळी आठच्या ठोक्याला मोबाइल हातात पाहिजे. आणि खातं आधारला जोडून ठेव, नाहीतर आरक्षण उघडलं तरी तू नुसतं चक्र फिरताना बघशील. तोवर वेटिंग शंभरावर."

"13 जुलैला सोमवार. आठ वाजता मी डबे भरत असते."

"मग मंदारला बसव. लाल तारखा मोजतो ना, एक काळी तारीखही लक्षात ठेवू दे त्याला. गाडी नाही मिळाली तर पळस्पे फाट्यापासून गाड्यांची रांग आहेच. आणि तुला समोरच्यांचं कळलं का?" काकूंचा आवाज एकदम खाली आला. "गेल्या खेपेला जोडून सुट्टी बघून निघाले महाबळेश्वरला. रंगीत पेनांनी कॅलेंडर रंगवलं होतं म्हणे. पसरणीच्या घाटात अडकले ते अडकलेच. वेण्णा तलावाशी पोचले तर बोटिंगची खिडकी बंद. वहिनी सांगत होत्या, हवा फार छान होती. काचेतून बघितली असेल!"

"अहो, ऐकतील ते."

"ऐकू देत. बरं, मुद्द्यावर ये. आपलं दिवेआगरचं काय? गेली दोन वर्षं नुसतं बोलतोय."

मी खीर संपवत म्हटलं, "सगळ्यांना जुळतील अशा तीनच खेपा निघतात. 24 ते 26 जानेवारी, कारण 24 ला चौथा शनिवार आणि 26 ला सोमवार. मग ती गणपतीची. आणि 25 ते 27 डिसेंबर, नाताळ शुक्रवारी आणि 26 ला चौथा शनिवार. तेव्हा जानेवारीच धरू."

"आणि आमची छाया?"

छाया म्हणजे काकूंची सून, इथल्याच एका रुग्णालयात स्टाफ नर्स.

"तिला 26 जानेवारीला सुट्टी नसते?"

"सणावाराला उलट तिच्यावर जास्त भार. बाकीच्या घरी जातात ना, मग उरलेल्यांनी वॉर्ड सांभाळायचा. नंतर कॉम्प ऑफ मिळतो, तोही मागितल्यावर. तिची ड्युटी लागते महिन्याच्या शेवटी, पुढच्या महिन्याची. नाइट संपली की तिचा ऑफ, मग तो मंगळवार असो की अमावास्या. गेली भाऊबीज आम्ही शनिवारी केली. तिचा भाऊ ठाण्याहून आला, श्रीपादची बहीण आली, चकल्या थोड्या मऊ पडल्या होत्या एवढंच. मला तर वाटलं बरं झालं, रस्ते मोकळे, मिठाईवाल्याकडे रांग नाही."

"मग मी इतका वेळ शनिवार कशाला मोजत होते?"

"तुझी हौस! दिवेआगरच्या घरगुती खोल्यांना जोडून सुट्टी आली की भाव चढतो आणि माशाचं ताट यायला तास लागतो. मधल्या वारी गेलं की खोलीवाली स्वतः विचारते, सोलकढी अजून देऊ का. फेब्रुवारीची ड्युटी लागली की छाया सांगेल. तिचा ऑफ तो आपला दिवस. श्रीपाद रजा टाकेल, तू टाक, मंदार लॅपटॉप घेऊन का येईना."

"माझी सीएल?"

"राखून ठेव. ड्युटी कळली की आठच दिवसांत मार्चअखेर म्हणून तुमचा मॅनेजर डोळे वटारायला लागेल, त्याच्या आत अर्ज दे. आणि समोरच्यांना यातलं एक अक्षर बोलू नकोस. पेन घेऊन बसतील, आणि येतील आपल्या मागोमाग!"