डिस्क शंभर टक्के

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. लॅपटॉप फारच स्लो झाला तेव्हा हे मला भाच्याने फोनवर सांगितलं. “उघडला का, मामा?” “उघडतोय.” हा संवाद इतका लांबला की मधल्या वेळात त्याने हिंजवडीतली एक मीटिंग उरकून घेतली. डेव्ह प्लमर या प्रोग्रॅमरने टास्क मॅनेजर घरी बसून लिहिला आणि १९९६ साली विंडोज एनटी ४ बरोबर तो जगापुढे आला. बाकी सगळं गुदमरलं तरी निदान हा उघडावा, म्हणून त्याने तो आटोपशीर ठेवला होता. त्याच्या पुण्याईने अखेर माझाही उघडला.

तोवर माझी समजूत अशी होती की लॅपटॉप मी एकटा वापरतोय. एक्सेलची एक फाइल, बस्स. टास्क मॅनेजरमध्ये चालू कामांची यादी बघतो तर खाली दीडशेच्या वर मंडळी! थेट लग्नघरच. घरभर माणसं, जो तो घाईत, आणि निम्म्यांची ओळख खुद्द यजमानाला नाही. ‘सर्व्हिस होस्ट’ या एकाच नावाचे तर जिकडे तिकडे. वरपक्षाला वाटतं वधूकडचे असतील, वधूपक्षाला वाटतं वराकडचे.

“ते सगळे लागतात, मामा,” भाचा म्हणाला. “एक वायफाय बघतो, एक आवाज, एक प्रिंटर. कुणाला हाकलू नकोस.”

पूर्वी ही मंडळी एकेका खोलीत दाटीवाटीने राहत. एक आजारी पडला की खोलीच आडवी. म्हणून २०१७ पासून विंडोजने, साडेतीन जीबीहून जास्त रॅम दिसली की बहुतेकांना स्वतंत्र खोली द्यायला सुरुवात केली. माझी रॅम चार जीबी. उत्पन्नमर्यादेच्या जेमतेम वर राहून खर्चाला तोंड द्यायची सवय आमच्या घराला आहेच.

हळूहळू चेहरे ओळखू येऊ लागले. ‘सिसमेन’ ही मावशी. २००७च्या व्हिस्टापासून घरात आहे, तेव्हा तिला सुपरफेच म्हणत. तुम्ही केव्हा काय उघडता यावर तिची नजर असते आणि तुम्ही मागायच्या आत ती ते आणून रॅममध्ये मांडून ठेवते. ‘सर्च इंडेक्सर’ आहेराच्या वहीवर बसलेला. कुठल्या फाइलमध्ये काय आहे ते लिहून घेतोय. ‘अँटीमालवेअर’ म्हणजे दारातले काका. येणाऱ्याजाणाऱ्याची पिशवी तपासणार, त्यात वहीवाल्याने वाचायला काढलेली फाइलसुद्धा. आणि अपडेट येऊन गेलं तरी ‘मॉड्यूल्स इन्स्टॉलर’ मांडवात अजून खिळे ठोकतोच आहे.

अशात आमचे सेक्रेटरी आले. मी सोसायटीचा खजिनदार. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायची, त्याआधी हिशेब हवेत, आणि लॅपटॉप स्लो आहे हे माझं कारण सगळ्या कमिटीने आजवर आदराने ऐकून घेतलं होतं. त्यांनी चष्मा सावरून तपशिलाची यादी खालीवर केली आणि ओरडलेच, “हा बघा चोर! सिस्टिम आयडल प्रोसेस. एकटा चौऱ्याण्णव टक्के खातोय!”

त्यांनी त्याला संपवण्याचा हुकूम सोडला. विंडोजने साफ नकार दिला. भाच्याला फोन लावला, तेव्हा कळलं की हा काही खात नाही. प्रोसेसरचा जो वेळ कुणीच वापरत नाही तो याच्या नावावर मांडतात.

“म्हणजे नाव यादीत वरती आणि काम शून्य,” सेक्रेटरी म्हणाले आणि कमिटीतल्या कुणाची तरी आठवण येऊन गप्प झाले. मग म्हणाले, “पण प्रोसेसर जर चौऱ्याण्णव टक्के मोकळा बसलाय, तर अडलंय कुठे?”

प्रश्न बिनतोड होता. उत्तर दुसऱ्या रकान्यात लाल होऊन बसलं होतं: डिस्क, शंभर टक्के.

लग्नघरात माणसं कितीही असोत, न्हाणीघर एकच होतं. माझी जुनी हार्ड डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेणारी. तिच्यावर फिरणारा दांडा एकच, आणि तो एका वेळी एकाच ठिकाणी असतो. इकडेतिकडे विखुरलेली कामं आली की सेकंदाला फार तर शंभरेक उरकणार. मावशी, वहीवाला, काका, सगळे खांद्यावर टॉवेल टाकून त्याच दाराशी. त्यात चार जीबीच्या रॅममध्ये ज्यांना जागा उरली नाही, त्यांचं सामानही पेजफाइल म्हणून त्याच डिस्कवर. दोष कुणाचाच नव्हता आणि रांग मात्र सरकत नव्हती.

आधी फुकटचे उपाय केले. चालू होताक्षणी न बोलावता येणारे पाहुणे ‘स्टार्टअप’मधून कमी केले. कधीकाळी चाचणीसाठी घेतलेलं दुसरं अँटिव्हायरस काढून टाकलं. शेवटी कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडून एसएसडी बसवून घेतली. तिच्यात फिरणारं काही नाही, दांडा नाही. सेकंदाला हजारो जण आत जाऊन बाहेर येतात. टास्क मॅनेजरमध्ये तीच मंडळी, तितकीच, आणि डिस्क दोन टक्के. दुरुस्तीवाल्याने दोन मिनिटांत सगळं सुरू करून दाखवलं. दुर्दैवाने, सेक्रेटरींच्या समोर.

“मग ताळेबंद?”

“लगेच दिला असता,” मी म्हणालो, “पण प्रिंट स्पूलर अडकलाय. पार्श्वभूमीला चालणारी सर्व्हिस आहे, आपल्या हातात नसतं.” इतक्या मंडळींत मला जन्मभर कारणांचा तोटा पडणार नव्हता.

सेक्रेटरींनी लॅपटॉप स्वतःकडे वळवला, सर्व्हिसेसची खिडकी उघडली, स्पूलर शोधून रीस्टार्ट केला आणि म्हणाले, “रात्री यूट्यूबवर पाहून ठेवलं होतं. किती प्रती काढताय?”